‘मुलांसमोर जरा नीट मराठी बोल’

मावशी,

आम्ही दहा वर्षं म्युनिकला राहतोय. मी वाईची, नवरा अकोल्याचा. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच, दोघंही इथेच जन्मली. मुलाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देतो. मुलीला कळतं तेही अर्धवट. दर दुसऱ्या रविवारी चाळीस किलोमीटर गाडी हाकत त्यांना मराठी शाळेत नेते. दोन तासांची शाळा. जाताना मुलगा रडतो, येताना मी. बसमध्ये मी मराठीत बोलले की तो म्हणतो, ‘आई, हळू.’

किंडरगार्टनमधल्या बाईंनी सांगितलंय की मुलीचं जर्मन कच्चं आहे, तुम्ही घरी जर्मन बोलत जा. नवऱ्याला ते पटलंय. तो म्हणतो, पुढच्या वर्षी मुलाची चौथी, गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, जायचं तर गुण लागतात, त्यात मराठीचं ओझं कशाला? तो स्वतः मुलांशी इंग्रजी-जर्मन मिसळून बोलतो. फक्त अकोल्याला भावाशी फोनवर बोलताना त्याची अस्सल वऱ्हाडी सुटते, तेव्हा मुलं खिदळतात आणि त्याची नक्कल करतात. मीच त्याला म्हणते, मुलांसमोर जरा नीट मराठी बोल.

या उन्हाळ्यात माझी आई तीन महिने आली होती. एका दुपारी तिने धाकटीला म्हटलं, ‘बाळा, भांडंभर पाणी आण गं.’ ती दादाकडे बघत राहिली. त्याने जर्मनमध्ये सांगितलं, मग तिने पाणी आणलं. रात्री आई मला म्हणाली, ‘मी काही पुढच्या वर्षी यायची नाही. तुझ्या घरात मी मुकी होते.’ तेव्हापासून मला झोप नाही. माझं काय चुकलं? आता उशीर झालाय का?

– म्युनिकची एक आई

———

पोरी,

उशीर झालेला नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. ज्याला सगळं कळतं त्या मुलाची भाषा गेलेली नसते, ती आत बसून असते. आणि पाच वर्षांची मुलगी म्हणजे अजून ओली माती.

आधी त्या किंडरगार्टनच्या बाईंचं बघू. त्यांचा हेतू वाईट नसणार, पण सल्ला चुकीचा आहे. तुझी लेक जर्मन शिकेल ती त्यांच्याकडे, बरोबरीच्या पोरांकडे, पुढे शाळेत. तू आणि तुझा नवरा पंचविशी-तिशीत वर्ग लावून शिकलात ते जर्मन तिला देऊन काय मिळणार? तुमच्या चुका आणि तुमचे उच्चार. त्याच्या बदल्यात जाणार काय, तर ती एकुलती एक भाषा, जिच्यात तू चिडू शकतेस, लाड करू शकतेस, टोमणा मारू शकतेस. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलण्यात मागे पडत नाही, हे भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. दोन भाषांतलं मूल एका भाषेत मोजलं तर त्याचे शब्द कमी भरतात, दोन्ही भाषांतले एकत्र मोजले की हिशेब जुळतो. त्या बाई एकाच खिशातले पैसे मोजताहेत.

हां, मुलगी मराठीतही अडखळत असेल, घरातल्या साध्या गोष्टी तिला दोन्ही भाषांत सांगता येत नसतील, तर वाचाउपचार करणाऱ्यांकडे जरूर ने आणि घरची भाषा मराठी आहे हे त्यांना पहिल्या वाक्यात सांग. खरी अडचण असली तर ती दोन्ही भाषांत दिसते. एकाच भाषेत दिसते ती बहुतेक वेळा सरावाची कमतरता.

म्युनिकला माझी भाची राहते. तिच्याकडून कळलं की ज्या मुलांचं जर्मन कच्चं असतं त्यांच्यासाठी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, शाळेआधी 240 तासांचा जर्मनचा वर्ग असतो. म्हणजे जर्मनची काळजी घ्यायला तिथे सरकार बसलंय. मराठीची काळजी घ्यायला त्या घरात तुम्ही दोघंच आहात.

आता नवऱ्याचं. त्याला उडवून लावू नकोस, त्याची भीती खरी आहे. चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली आली, तरच गिम्नाझियमचं दार सरळ उघडतं. (तिकडे 1 म्हणजे उत्तम, आपल्याकडच्या आज्यांना हे समजावताना भाचीची पुरेवाट होते.) दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे टांगलेलं आहे. आपल्याकडे दहावी-बारावीला जे होतं ते तिथे चौथीत. पण त्या परीक्षेला घरातल्या मराठीचा काय जाच होतो, ते त्याला जरा सांगायला लाव. पोराला जाच कसला होत असेल तर त्या रविवारचा. झोपेतून उठवून चाळीस किलोमीटर न्यायचं, आणि तिथे ‘कमळ’ आणि ‘बदक’ गिरवायचं. शिवाय आईच्या कपाळावरची आठी, ती वेगळीच.

त्या शाळेचा हिशेब मांडू. महिन्यातून दोन रविवार, दोन-दोन तास, सुट्ट्या वगळून दहा महिने: वर्षाला 40 तास. रोजच्या रात्रीच्या जेवणाला वीस मिनिटं धर: वर्षाला 120 तासांच्या वर. गाडी नाही, रडणं नाही, गृहपाठ नाही. शाळा बंद कर असं मी म्हणत नाही. तिथे आणखी दहा-बारा पोरं आहेत, ज्यांच्या घरी तूप-मेतकूट-भात आहे आणि ज्यांच्या आया फोनवर ओरडून बोलतात, हे बघायला शाळा हवीच. पण तिच्याकडून भाषेची अपेक्षा करू नकोस. वडापाव आणि दोस्त, एवढ्यासाठी ने. मुलाला आठवडाभर खेळायला बोलावता येईल असा तिथला एखादा मित्र मिळाला तर वर्षाची फी वसूल झाली समज.

भाषा टिकते कशाने आणि जाते कशाने, याची दोन उदाहरणं आपल्याच माणसांत आहेत. मॉरिशसला 1834 नंतर कोकणातून मजूर गेले. आज तिथे मराठी शाळेत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या माणसांनी तिथे काय काय जपलंय! पण बहुतेक घरांत बोलली जाते ती क्रिओल, फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. उलट तंजावर बघ. व्यंकोजीराजे तिकडे गेले 1670च्या दशकात, राज्य खालसा झालं 1855 साली. त्यानंतर ना दरबार, ना शाळा, ना पाठ्यपुस्तक. लिहिणं-वाचणं तमिळमध्ये. तरी तमिळनाडूत आजही अशी घरं आहेत जिथे सासू सुनेशी मराठीत बोलते. आपल्याला ती ऐकताना मधेच तमिळ वाटते, मधेच शिवकालीन बखर. तिच्यातलं ‘शुद्ध’ किती, हे विचारायला कोणी गेलं नाही म्हणून ती जगली, असं मला पुष्कळदा वाटतं.

आणि इथेच मला तुझ्या पत्रातली ती एक ओळ टोचली. ‘मुलांसमोर जरा नीट मराठी बोल.’

अगं, तुझ्या घरात एक माणूस असं मराठी बोलतो की ते ऐकून मुलं पोट धरून हसतात आणि आपणहून नक्कल करतात. रविवारच्या शाळेला जे जमलं नाही, तुझ्या आर्जवांना आणि रागावण्याला जमलं नाही, ते त्याच्या ‘काय करून रायला बे?’ला जमलंय. आणि तू त्याला गप्प करतेस! मग तो बिचारा काय करतो? वाईचं मराठी त्याच्या जिभेवर नाही, अकोल्याचं बोलायची घरात सोय नाही, म्हणून इंग्रजी-जर्मनच्या आडोशाला जाऊन बसतो. त्याला मराठीचा कंटाळा आहे असं तू समजतेस. मला वाटतं, त्याला परीक्षा द्यायची नाहीये.

रागावू नकोस. हे दुखणं माझं स्वतःचं आहे म्हणून लवकर ओळखू येतं. मी बडोद्याची. गायकवाडांच्या काळापासून आमचं घराणं तिथे. शाळा गुजराती, शेजार गुजराती, घरात मराठी, पण ते बडोद्याचं. अठराव्या वर्षी पुण्याला वसतिगृहात आले. दुसऱ्याच आठवड्यात सकाळी उठून म्हटलं, ‘काल रात्री मला ताव आलेला.’ गुजरातीत ताव म्हणजे ताप. खोलीतल्या मुली इतक्या हसल्या! ‘कशावर ताव मारलास गं?’ पुढे वर्षभर माझं नाव ‘ताव’ होतं. त्या मुली दुष्ट नव्हत्या, पण त्या वर्षी मी हळूहळू इंग्रजीत बोलायला लागले, कारण इंग्रजीत सगळ्याच चुकत होतो. माझ्या आजीने ज्या भाषेत मला जगवलं होतं ती भाषा मला लपवावीशी वाटली. आपल्याला चारचौघांत हसतील ही धास्ती भाषेच्याही आधी मुलांपर्यंत पोहोचते. तुझा मुलगा बसमध्ये ‘हळू’ म्हणतो, त्यात शेजारच्या जर्मन बाईच्या नजरेचा वाटा असेलच. पण मराठी बोलताना काहीतरी चुकतं, काहीतरी झाकायचं असतं, हे त्याने घरातही पाहिलंय. बाबा फोन ठेवतो आणि आवाज बदलतो. पोरांच्या नजरेतून हे सुटत नाही.

तेव्हा पहिलं काम तुझं नाही, नवऱ्याचं. त्याला वऱ्हाडीत बोलू दे. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘पोट्टे’, सगळं. मुलगा ‘मले भूक लागली’ म्हणाला तर तू ‘मले नाही, मला’ म्हणायचं नाही. ताट वाढायचं. पोरं एका घरात दोन मराठी शिकतील आणि कुठली कुणाशी बोलायची ते त्यांना बरोबर कळेल. अकोल्याच्या काकाशी फोनवर मुलगा ‘काय करून रायला बे?’ म्हणाला, की तो काका पलीकडे आनंदाने वेडा होईल. ‘माझा पुतण्या मराठी शिकतो’ यापेक्षा ‘माझा पुतण्या माझ्यासारखा बोलतो’ यात केवढं सुख आहे, ते अकोल्याला विचारून बघ.

आणि आई-बाप दोघं बोलले तर किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा आहे. बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्स भागात अनिक द हाउवर यांनी सुमारे 1,900 द्विभाषिक कुटुंबांची पाहणी केली, ती 2007 साली प्रसिद्ध झाली. दर चार मुलांत साधारण एक मूल घरची ती दुसरी भाषा बोलतच नव्हतं. पण जिथे आई-बाप दोघंही ती भाषा बोलत आणि फार तर एकजण त्यात बाहेरची भाषा मिसळत असे, अशा घरांत दहातली नऊहून जास्त मुलं ती बोलत होती. म्हणजे तू एकटी किल्ला लढवत बसलीस तर दमशील. तो नुसता स्वयंपाकघरात उभा राहून तुझ्याशी मराठीत भांडला, तरी पारडं झुकेल. तुम्ही दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस. आठवडाभर नुसतं लक्ष ठेव. डिशवॉशर कोण लावणार, मुलीचा डॉक्टरकडचा टेर्मिन (अपॉइंटमेंट) कुणी घ्यायचा, यावरची वादावादी कुठल्या भाषेत होते? टेर्मिनला टेर्मिनच म्हणा, काही बिघडत नाही. वाक्याचं शेपूट मराठी असलं की झालं.

मुलाचं. तो जर्मनमध्ये उत्तर देतो तेव्हा ‘मराठीत बोल!’ म्हणून वर्दी चढवू नकोस. ‘मला कळलं नाही’ असं नाटकही नको, पाच वर्षांच्या पोरीपाशी ते थोडे दिवस चालतं, नऊ वर्षांच्या मुलाला माहीत आहे की तू दिवसभर ऑफिसात जर्मन बोलतेस. तो जे म्हणाला तेच सहज मराठीत म्हण आणि पुढे जा. तो जर्मनमध्ये म्हणाला की पायमोजे सापडत नाहीत, तर ‘पायमोजे सापडत नाहीत? पलंगाखाली बघ, काल तिथेच फेकलेस.’ बस. शब्द त्याच्या कानावर गेला, अपमान झाला नाही, पायमोजेही मिळाले. हे शंभर वेळा करावं लागेल. एकशे एकाव्या वेळी तो स्वतः म्हणेल आणि तेव्हा तू टाळ्या वाजवू नकोस. काही झालंच नाही असं दाखव.

त्याला एक गंमत मात्र सांग, नऊ वर्षांच्या मुलांना अशा गोष्टी आवडतात. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. इंग्रजीत ही भानगडच नाही, हिंदीतही लिंगं दोनच. तीन लिंगं आपल्या जेवणाच्या टेबलावर आहेत: तो चमचा, ती वाटी, ते ताट. एका रात्री खेळा, टेबलावरच्या एकेका वस्तूचं दोन्ही भाषांतलं लिंग ओळखायचं. बाबा हरणार, हे नक्की. दुसरी गंमत आकड्यांची. जर्मनमध्ये ब्याऐंशी कसं म्हणतात? दोन-आणि-ऐंशी. आणि मराठीत? बे-ऐंशी. आधी एकक, मग दशक, अगदी तसंच! 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ असं वाचन आणलं, तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला होता. तुझ्या मुलाला ते पुस्तक लागणारच नाही. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांना ‘ब्याऐंशी म्हणजे एटी टू’ असं सांगावं लागतं, तुझ्या मुलाला ते निम्मं आधीच येतंय. जर्मनला मराठीची वैरीण समजणाऱ्या त्याच्या बाबालाही हे दाखव.

धाकटीला असलं काही नको. तिला काम हवं. भाजी निवडताना हाताशी घे, कणकेचा गोळा दे, आंघोळ घालताना तेच तेच बडबडगीत म्हण. पाच वर्षांच्या मुलीला शब्द शिकवायचे नसतात, शब्दांबरोबर गरम पाणी आणि तुझा हात द्यायचा असतो. दोन-तीन शब्द असे आहेत की ज्यांना तिच्या जर्मनमध्ये जागाच नाही. तिकडे मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना मिळून एकच शब्द. तिला नीट सांग की मावशी म्हणजे आईची बहीण आणि आत्या बाबाची, आणि मग दोघींना आलटून पालटून फोन लाव. दुसरा शब्द ‘आपण’. जर्मनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक नाही. ‘आम्ही बाजारात जातोय’ म्हणजे तू घरी, ‘आपण जातोय’ म्हणजे चप्पल घाल. घरातल्या धाकट्या पोरीला हा फरक एकदा कळला की ती तो कधीच विसरत नाही. आणि घरातून निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं, हे तर तिला आजीनेच सांगावं.

लिहिण्या-वाचण्याची घाई करू नकोस. बोलता येत नाही त्या भाषेची अक्षरं गिरवणं म्हणजे पोराला नुसती चित्रकला. बोलणं सुटलं की एखाद्या पावसाळी सुट्टीत महिन्याभरात देवनागरी येते, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तर गुप्त लिपी म्हणूनच आवडते. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण ती घरात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली आहेत, पहिलीच्या पुस्तकापाशीच तुझं पोर अडखळेल. त्यापेक्षा ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक उघड, 1971पासूनचे. तू वाच, त्याने चित्रं बघावीत. आपल्या लहानपणीचे अंक सापडले तर तू स्वतःच हरवशील आणि तो तुझ्याकडे बघत बसेल. तेही चालेल.

बसचं जाऊ दे. बसमध्ये हळू बोल. जर्मनीत फ्रेंच बोलणाऱ्या आईकडे बसमधले लोक कौतुकाने बघतात आणि तुर्की बोलणाऱ्या आईकडे वेगळ्या नजरेने. तुझ्या मुलाला हे कळतं, आणि तू मराठीत बोललीस की आपण कुठल्या रांगेत मोजले जातो तेही कळतं. त्याने तुझ्याकडून मान मागितला नाही, फक्त आवाज कमी करायला सांगितलंय. नऊ वर्षांच्या मुलाची तेवढी अब्रू आपण राखावी. गणेशोत्सवात त्याला फेटा बांधून स्टेजवर ढकलायचं की नाही, तेही त्यालाच विचार. वर्षातून एकदा फेटा बांधून मराठी आणि उरलेले 364 दिवस गप्प, असा प्रकार मी पुष्कळ घरांत पाहिलाय, मुंबई-पुण्यातही.

आणि तो जर्मनही आहे बरं का. तिथे जन्मला, तिथली बर्फाची गोष्ट त्याची, तिथला फुटबॉल त्याचा. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न त्याला तिकडे आयुष्यभर विचारतील. इकडे आल्यावर आपणही ‘मराठी येत नाही? अरेरे!’ म्हणून त्याला तेच विचारायचं, हे काही बरं नाही. नातेवाईकांना आधीच फोन करून दम भर: पोर ‘ते मांजर’ऐवजी ‘ती मांजर’ म्हणालं की हसायचं नाही, आणि मराठीत अडखळलं की लगेच इंग्रजी सुरू करायचं नाही. दुसरी सवय पहिलीपेक्षा जास्त घातक. पुण्यातली मावस-मामे भावंडं हमखास तेच करतील, त्यांनाही इंग्रजीच सोपं जातं. म्हणून सुट्टीत पुण्याच्या फ्लॅटवर कमी दिवस काढ.

राहिली आई. तिचं बोलणं वाचलं आणि पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. ‘तुझ्या घरात मी मुकी होते.’ पण एक बघ. तुम्हा सगळ्यांत तीच एक आहे, जिला जर्मन खरोखर येत नाही. तुला मराठीची सक्ती करावी लागते, तिला करावी लागत नाही. तिच्यापाशी मुलांना मराठी बोलावंच लागेल, अट एकच, मधे दुभाषा नको. त्या दुपारी दादा मधे नसता, तर धाकटीने दोन मिनिटं गोंधळून आधी चमचा आणला असता, मग वाटी, मग भांडं, आणि दोघी हसल्या असत्या. दादाने मदत केली आणि तिथेच गाडी अडली.

फोनवरचे प्रश्न आधी बंद करा. ‘जेवलीस का? शाळेत काय केलं? आजीला ओळखलंस का?’ याला पाच वर्षांचं मूल काय उत्तर देणार? फोनवर काम काढा. उन्हाळ्यात तुमचे सकाळचे सात म्हणजे वाईचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. तेव्हा आई भाजी निवडत असते की नाही? फोन ओट्यावर टेकवून ठेव, तिकडे ती मेथी निवडेल, इकडे ही दूध-पोळी खाईल. रविवारी मुलाने आजीकडून थालीपीठ शिकायचं. ती सांगेल तसं त्याने थापायचं, तू खोलीत यायचं नाही. भोक पाडायला विसरला तर ती ओरडेल. ओरडू दे, मराठीत ओरडणारं माणूस मिळणं तिकडे दुर्मीळ.

आणि पुढच्या उन्हाळ्यात आईने तिकडे यायचंच नाही. तिचं बरोबर आहे. पाचव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये, जिथे शेजारच्या दाराची घंटाही वाजवता येत नाही, तिथे कोणीही मुकं होईल. पोरांनी वाईला जायचं. बव्हेरियाची मोठी सुट्टी ऑगस्टभर आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते, गणपती लवकर आले तर तेही सापडतात. तू त्यांना सोडायला जा, आठ दिवस राहा आणि परत ये. नवऱ्याने आणायला जावं, आणि परतीच्या आधी चार दिवस अकोल्याला काढावेत. मधले तीन आठवडे मुलं आजीची. घाटावर जाऊ देत, गणपतीच्या देवळात जाऊ देत, वाण्याकडे एकट्याने पाठवू देत दहा रुपये देऊन. पहिले चार दिवस मुलगी रात्री रडेल, मुलगा फोनवर तुला जर्मनमध्ये तक्रारी सांगेल. तू ऐकून घे आणि विमानात बसू नकोस.

आईला आजच फोन कर आणि तिला हे सांग. आणि तिकिटं जानेवारीतच काढ, ऑगस्टची नंतर परवडत नाहीत.

– मावशी